अर्ज आता प्रेक्षकांनी करायचा आहे

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री कोल्हापूरचे संगीतसूर्य केशवराव भोसले नाट्यगृह जळाले. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. राजर्षी शाहू महाराजांनी १९१५ मध्ये पॅलेस थिएटर म्हणून उभी केलेली ही वास्तू, शेजारी कुस्तीचे खासबाग मैदान. बातमी पसरली तशी माणसे तिकडे धावली. त्यांत नट होते, पडदे ओढणारे आणि दिवे लावणारे होते, आणि आयुष्यात कधी तोंडाला रंग न लावलेले कितीतरी कोल्हापूरकर होते. लोक उघड्यावर रडले. काही दिवसांतच राज्य सरकारला पुनर्बांधणीसाठी कोट्यवधींचा निधी जाहीर करावा लागला. नाटकापेक्षा रस्ते आणि गटारे महत्त्वाची, असे त्या दिवसांत कुणा पुढाऱ्याने म्हटल्याचे ऐकिवात नाही.

हे घडले कारण मतदार रस्त्यावर आला होता आणि विधानसभेची निवडणूक तोंडावर होती. यात गैर काही नाही. लोकप्रतिनिधीने मतदाराचे ऐकावे म्हणूनच त्याला निवडून दिलेले असते. मला विचारायचे आहे ते आपल्याला, म्हणजे तिकीट काढून नाटक बघणाऱ्या, जत्रेत वग बघायला बसणाऱ्या, मुलीला गाण्याच्या किंवा तबल्याच्या शिकवणीला पाठवणाऱ्या सगळ्यांना. बोलण्यासाठी आपण नाट्यगृह जळण्याची वाट का बघतो?

एरवी वर्षभर कलेसाठी सरकारकडे कोण जाते? फडमालक जातात, थकलेले शाहीर जातात, हौशी संस्थांचे सेक्रेटरी आणि नाट्य परिषदेचे पदाधिकारी जातात. निवेदन दिले जाते, फोटो निघतो, मंत्री सकारात्मक विचाराचे आश्वासन देतात. कलावंताने मागितले की ती याचना ठरते, कारण त्याच्यामागे मतांचे वजन नसते. तमाशाचा फड हंगामात गावोगाव फिरत असतो. मतदानाच्या दिवशी त्यातली माणसे आपल्या गावी असतीलच असे नाही. कुठल्याच मतदारसंघाचा निकाल फिरवण्याइतकी त्यांची संख्या नाही. प्रेक्षक मात्र प्रत्येक मतदारसंघात हजारोंनी आहे. तो आजवर या विषयावर लोकप्रतिनिधीशी एक शब्द बोललेला नाही, आणि माझ्या मते महाराष्ट्रातल्या कलाविषयक तरतुदीचे सगळे दुखणे इथून सुरू होते.

मागितले की मिळते, याचे पुरावे आहेत. वृद्ध साहित्यिक-कलावंतांच्या मानधनाची राज्याची योजना १९५४-५५ पासून चालू आहे. अगदी अलीकडेपर्यंत 'क' वर्गातल्या कलावंताला महिन्याला २,२५० रुपये मिळत. कलावंतांच्या संघटना वर्षानुवर्षे मागत राहिल्या, आणि २०२४ मध्ये अ, ब, क ही प्रतवारी मोडून सरसकट ५,००० रुपये झाले. जीएसटी आला तेव्हा २०१७ मध्ये नाटकाच्या तिकिटावर करमाफीची मर्यादा २५० रुपये होती. रंगभूमीवरच्या माणसांनी ओरड केली आणि जानेवारी २०१८ मध्ये ती ५०० रुपयांवर गेली. मराठीला अभिजात दर्जा मिळावा म्हणून साताऱ्यातल्या साहित्य परिषदेच्या शाहूपुरी शाखेने पंतप्रधानांना पत्रे पाठवायची मोहीम काढली, शाळकरी मुलांपासून निवृत्त शिक्षकांपर्यंत साध्या माणसांनी पत्रे लिहिली, दिल्लीत धरणे झाले. ऑक्टोबर २०२४ मध्ये दर्जा मिळाला. केवळ पत्रांमुळे मिळाला असे मी म्हणणार नाही. पण भाषा हा मतदाराच्या जिव्हाळ्याचा विषय आहे, हे त्या पत्रांनी दिल्लीला दाखवून दिले. कलेच्या बाबतीत तेवढेही आपण अजून दाखवलेले नाही.

आता पैशाकडे येऊ. २०२५-२६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पाचा आकार ५० लाख ६५ हजार कोटी रुपयांचा. त्यात संस्कृती मंत्रालयाच्या वाट्याला सुमारे ३,३६१ कोटी, म्हणजे शंभर रुपयांतले सात पैसेही नाहीत. त्यातले १,२७८ कोटी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे, लेणी-किल्ल्यांसाठी, ते द्यायलाच हवेत. उरलेल्या रकमेत साऱ्या देशाच्या अकादम्या, संग्रहालये, ग्रंथालये, शिष्यवृत्त्या आणि अनुदाने. शिवाय राज्यघटनेच्या सातव्या परिशिष्टात नाट्यगृहे आणि नाट्यप्रयोग हा विषय राज्यसूचीत आहे, तेहतिसावी नोंद. सांस्कृतिक बाबींना चालना देणे हे बाराव्या परिशिष्टाने नगरपालिका-महापालिकांच्या कामांत घातले आहे, आणि अकराव्या परिशिष्टाने पंचायतींच्या. तेव्हा दिल्लीकडे बघत बसण्यात अर्थ नाही. जबाबदारी मुंबईत मंत्रालयात आहे, तुमच्या महापालिकेत आहे आणि ग्रामपंचायतीच्या कचेरीतही आहे.

या जबाबदारीला इतिहासाचाही आधार आहे, आणि तो आपण विसरत चाललो आहोत. अल्लादिया खाँसाहेबांना शाहू महाराजांनी कोल्हापूर दरबारात ठेवून घेतले. त्या आश्रयाला राहून खाँसाहेबांनी जे गाणे घडवले त्यातून केसरबाई केरकर आल्या, मोगूबाई कुर्डीकर आल्या, मोगूबाईंच्या पोटी किशोरी आमोणकर आल्या. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांना इचलकरंजीच्या जहागिरीने सांभाळले. त्यांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर गाणे घेऊन देशभर फिरले. सयाजीराव गायकवाडांच्या बडोद्यात १८८६ मध्येच संगीतशाळा निघाली होती. हा पैसा राजाच्या हातून गेला तरी तो मूळचा रयतेचा, शेतसाऱ्यातून आलेला. १९४९ मध्ये कोल्हापूर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले, बाकीचीही झाली, आणि त्यांचे खजिने सरकारजमा झाले. खजिन्याबरोबर त्यांवरची जबाबदारीही सरकारकडे आली, असेच मी मानतो. सुरुवातीच्या काळात राज्यकर्तेही ते मानत. राज्य नाट्य स्पर्धा मुंबई राज्यात १९५४ च्या सुमारास सुरू झाली, आणि महाराष्ट्र स्थापन झाल्याच्याच वर्षी यशवंतराव चव्हाणांनी साहित्य संस्कृती मंडळ काढून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींच्या हाती दिले. पदरी फारसे काही नसलेल्या नव्या राज्याने तेव्हा हे केले.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो मनापासून घेतलेला असतो, म्हणून त्याला नीट उत्तर द्यायला हवे. शेतकरी गळ्याला फास लावतो आहे, बायका टँकरच्या रांगेत उभ्या आहेत, आणि तुम्हाला नाटक-तमाशाला पैसे हवेत?

हा आक्षेप घेणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कलावंत म्हणून मालिकेतला नट असतो. महाराष्ट्रातला बहुसंख्य कलावंत तसा नाही. तो वाघ्या-मुरळी आहे, गोंधळी आहे, पोतराज आहे, ढोलकीवाला आहे, दशावतारात रात्री राजा होऊन दिवसा मजुरीला जाणारा माणूस आहे. बहुतेकांना जमीन नाही. दुष्काळ पडला की गाव आधी जत्रेचा खर्च कापते, फडाची सुपारी रद्द होते, आणि उचल घेऊन बसलेल्या फडमालकावर सावकाराचे व्याज चढत जाते. शेताचा पंचनामा होतो. बुडालेल्या सुपारीचा होत नाही. नारायणगावात पाडव्याच्या सुमारास फडांच्या राहुट्या पडतात, गावोगावचे पंच येऊन सुपाऱ्या ठरवतात. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली ती नेमकी पाडव्याच्या तोंडावर. २०२१ च्या हंगामातही तेच झाले. दोन हंगाम गेल्यावर सरकारने ५६ हजार कलावंतांना एकरकमी प्रत्येकी ५,००० रुपये द्यायचे ठरवले. दोन वर्षांच्या पोटापाण्याला पाच हजार. ते देण्यासाठीही अर्ज मागवून छाननी करावी लागली, कारण आपल्या राज्यात कलेवर पोट असलेली माणसे किती आणि कोणत्या गावी राहतात याची तयार नोंद नव्हती. तेव्हा शेतकऱ्याचा आणि कलावंताचा झगडा लावून देणाऱ्यांनी दुष्काळी गावात जाऊन बघावे. दोन्ही घरे शेजारीशेजारी असतात. आणि शंभर रुपयांतल्या सात पैशांमुळे सिंचन अडते, हे तर कुठल्याच हिशेबात बसत नाही.

विठाबाई नारायणगावकरांचे उदाहरण मी मुद्दाम देतो. त्यांचा राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झाला होता. २००२ मध्ये त्या गेल्या, आणि अखेरची वर्षे त्यांनी ओढगस्तीत काढली. त्यांच्या नावाचा राज्य पुरस्कार त्यानंतर सुरू झाला. तमाशासम्राज्ञी म्हणून ज्यांनी त्यांना डोक्यावर घेतले ते प्रेक्षक लाखांनी होते. त्यांतल्या शंभर जणांनी जुन्नरच्या आमदाराला भेटून या बाईला उतारवयात घर आणि औषधपाणी मिळाले पाहिजे असे ठणकावले असते, तर काय बिघडले असते?

दुसरा आक्षेप मिंधेपणाचा, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. सरकारचे पैसे घेतले की सरकारचे ऐकावे लागते. डिसेंबर २०२२ मध्ये एका अनुवादित पुस्तकाला जाहीर झालेला राज्य पुरस्कार सरकारने रद्द केला आणि निवड समितीच बरखास्त केली. निषेध म्हणून अनेक लेखकांनी सरकारी मंडळांचे राजीनामे दिले. आपल्याकडे नाटकाची संहिता अजूनही परिनिरीक्षण मंडळाकडून मंजूर करून घ्यावी लागते. ही भीती खरी आहे. पण पैसा मागायचाच नाही, हे तिच्यावरचे उत्तर होऊ शकत नाही. कलावंत एकटा मागतो तोवर तो मंत्र्याच्या मर्जीवर असतो. मतदार मागू लागले तर अटी घालायची ताकद येते: निवड समितीचा निर्णय अंतिम राहील, अनुदानाचे निकष आधी छापले जातील, कुणाला किती मिळाले हे वर्षअखेरीस जाहीर होईल. दान देणारा अटी ऐकत नाही, पण ज्याला पाच वर्षांनी पुन्हा मते मागायची आहेत त्याला त्या ऐकाव्या लागतात.

बाजारावर सोडून द्या म्हणणारे झाडीपट्टीचा दाखला देतात. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया भागात धान निघाले की दिवाळीपासून होळीपर्यंत रात्ररात्र नाटके चालतात, वडशात मंडळांच्या कचेऱ्या आहेत, प्रेक्षक तिकीट काढून येतो. २०२३ मध्ये तिथल्या परशुराम खुणे यांना पद्मश्रीही मिळाली. मला त्या रंगभूमीचा अभिमान आहे. पण तिकिटातून प्रयोगाचा खर्च निघतो; नव्या मुलांचे प्रशिक्षण, जुन्या संहितांचे जतन, नटाचे आजारपण आणि म्हातारपण निघत नाही. जिथे लोकांनी आपला वाटा इतका भरभरून उचलला आहे, तिथे सरकारने आपला न उचलायला तर काहीच निमित्त उरत नाही.

नुसता पैसा मागून भागत नाही, तो जातो कुठे हेही बघावे लागते. हे गोव्यातल्या कलाकारांनी दाखवून दिले. पणजीची कला अकादमी, वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी मांडवीकाठी उभी केलेली. गोमंतकीय रंगभूमी, मराठी आणि कोंकणी दोन्ही, तिथे वाढली. २०२१ मध्ये ती दुरुस्तीसाठी बंद झाली. काम निविदा न काढता दिले गेले, आणि त्यावर विधानसभेत प्रश्न आला तेव्हा शाहजहानने ताजमहालासाठी दरपत्रके मागवली नव्हती, असा खुलासा मंत्र्यांनी केला. जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरचा स्लॅब कोसळला. अकादमी पुन्हा उघडली तेव्हा ध्वनी, प्रकाश, गळती यांवर कलाकारांनी तक्रारी केल्या, आणि त्या करून ते गप्प बसले नाहीत. 'कला राखण मांड' या नावाने एकत्र आले, सभा घेतल्या, आमदारांना प्रश्न विचारायला लावले. सरकारला नाट्यदिग्दर्शक विजय केंकरे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमावे लागले. खर्च होऊन गेल्यावर हे करावे लागले याचे वाईट वाटते, पण महाराष्ट्रात आपण तेवढेही करत नाही. २०२३ मध्ये रत्नागिरीच्या नाट्यगृहात एका नामवंत नटाने वातानुकूलन यंत्रणा बंद असल्याबद्दल प्रेक्षकांची माफी मागितली आणि इथे पुन्हा प्रयोग करणार नाही असे सांगितले. माफी नटाने मागायची आणि घामाघूम होऊन प्रेक्षकाने टाळ्या वाजवायच्या. नाट्यगृह ज्यांच्या ताब्यात आहे त्यांना त्याच आठवड्यात शे-दोनशे प्रेक्षकांची पत्रे जायला हवी होती.

म्हणून आता कामाचे बोलतो. ज्याला आपण लोकप्रतिनिधी म्हणतो त्याच्याकडे कलेसाठी काय मागता येते, हेच अनेकांना माहीत नसते. राज्यातल्या प्रत्येक आमदाराला स्थानिक विकासासाठी वर्षाला ५ कोटी रुपये मिळतात. त्यातून प्रामुख्याने कायमस्वरूपी बांधकामे होतात, आणि सांस्कृतिक भवन, सभामंडप, समाजमंदिर अशी कामे त्यात आवडीने घेतली जातात. तुमच्या तालुक्यातले असे भवन जाऊन बघा. तिथे लग्ने होतात, कारण बांधताना रंगमंचाची उंची, विंगा, मेकअपची खोली, दिव्यांचे बार, आवाज घुमणार नाही अशी भिंत यांचा कुणी विचारच केलेला नसतो. हौशी संस्थेला तालमीसाठी जागा मागितली तर भाडे लग्नाचे सांगतात. तेव्हा पुढचे भवन मंजूर होताना आराखडा बघायला मागा, नाटकवाल्या माणसाचा सल्ला घेतला का ते विचारा, आणि तालमींसाठी सवलतीच्या दराचा ठराव मागा.

दैनंदिन देखभालीचा पैसा आमदार निधीतून येत नाही. तो महापालिका किंवा नगरपालिकेच्या अंदाजपत्रकातून येतो. तिथे माहितीच्या अधिकाराचा दहा रुपयांचा अर्ज पुष्कळ काम करतो. गेल्या तीन वर्षांत नाट्यगृहाच्या भाड्यापोटी किती जमा झाले, देखभालीवर किती खर्च झाले, अग्निसुरक्षेची तपासणी शेवटची कधी झाली. तीस दिवसांत उत्तर यायला हवे, आणि ते हातात घेऊन नगरसेवकाकडे गेलेल्या माणसाला उडवून लावता येत नाही. जिल्हा नियोजन समितीत पालकमंत्री बसतात, तिथे सांस्कृतिक कामांसाठी काय ठेवले आहे ते आमदाराने विचारावे. खेड्यात ग्रामसभा आहे. दशावताराच्या किंवा भजनी मंडळाच्या साहित्यासाठी तिथे ठराव घेता येतो.

विधानसभेत साधने अनेक आहेत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, कपात सूचना, आणि नागरिकांसाठी विनंती अर्ज समिती. सांस्कृतिक कार्य विभागाच्या मागण्या कित्येकदा चर्चेविनाच, गिलोटिन लावून, म्हणजे वेळ संपली की उरलेल्या मागण्या एकदम मताला टाकून मंजूर होतात. तुमचा आमदार त्या दिवशी पाच मिनिटे बोलला तरी फरक पडतो, कारण सचिवांना उत्तराची तयारी करावी लागते. राज्याच्या 'बीम्स' संकेतस्थळावर कोणत्या लेखाशीर्षात किती तरतूद झाली आणि प्रत्यक्षात किती वितरित झाली हे पाहता येते. तरतूद आणि वितरण यांत दरी दिसली की तोच तुमचा प्रश्न. २०१० चे सांस्कृतिक धोरण डॉ. आ. ह. साळुंखे यांच्या समितीने केले, २०२४ चे डॉ. विनय सहस्रबुद्धे यांच्या. धोरणातले कोणते कलम कोणत्या वर्षी किती पैसे घेऊन अमलात येणार, याचे वेळापत्रक मागा.

विधान परिषदेचेही एक सांगायचे आहे. घटनेच्या १७१ व्या अनुच्छेदानुसार तिथे बारा जागा साहित्य, विज्ञान, कला, सहकार आणि समाजसेवा यांतल्या जाणकारांसाठी आहेत, त्या राज्यपालांनी नेमायच्या. ग. दि. माडगूळकर आणि ना. धों. महानोर याच वाटेने सभागृहात बसले. महानोरांनी तिथे शेती आणि पाण्यावर जे मांडले ते आजही लोक आठवतात. जून २०२० मध्ये या जागा रिकाम्या झाल्या आणि ऑक्टोबर २०२४ पर्यंत रिकाम्याच राहिल्या. मग सात भरल्या. त्या सातांत कवी, नाटककार, चित्रकार वा गायक म्हणून महाराष्ट्राला ओळख असलेले एकही नाव नव्हते. चार वर्षे आपल्या जागा रिकाम्या आहेत म्हणून रसिकांचा एक साधा मोर्चाही निघाला नाही. हे मला आजही टोचते.

हिवाळी अधिवेशन डिसेंबरात नागपूरला भरते आणि अर्थसंकल्प साधारण मार्चमध्ये मांडला जातो. विभागांचे प्रस्ताव त्याआधीच तयार होत असतात, म्हणून दिवाळीनंतर लगेच कामाला लागावे. दहाबारा जण पुरेत. त्यांत एखादी शिक्षिका असावी, एखादा दुकानदार, एखादा शेतकरी, आणि कलावंत असलाच तर एखादाच. पत्र एका पानाचे असावे, त्यात आपल्याच तालुक्यातली एक गोष्ट नावानिशी मागावी: अमुक नाट्यगृहाची अग्निसुरक्षा, अमुक गावच्या शाहिराचे अडकलेले मानधन, राज्य नाट्य स्पर्धेत उतरणाऱ्या आपल्या संस्थेचा न परवडणारा सादरीकरण खर्च. खाली सह्यांबरोबर मतदारसंघातला पत्ता लिहावा. आमदाराच्या कार्यालयातून पोच घ्यावी, आणि अधिवेशन संपल्याच्या आठवड्यात सभागृहात काय विचारले आणि काय उत्तर आले हे ऐकायला त्याच दहाबारा जणांनी पुन्हा तिथे जावे.